गावाला घर बांधतोय, पण मुलींच्या नावाचं काय?

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

मावशी, मी मूळची नाशिकची. नवरा इग्बो समाजातला, नायजेरियातल्या अनाम्ब्रा राज्यातल्या न्नेवीजवळच्या एका गावचा. लग्न नाशिकला विशेष विवाह कायद्याखाली नोंदवलं आणि मग आम्ही लागोसला आलो. दोन मुली आहेत, नऊ आणि पाच वर्षांच्या. गेल्या वर्षी सासरे वारले. अंत्यविधीनंतर भावकीतल्या पुरुषांची बैठक बसली, जमिनीची वाटणी झाली. सासऱ्यांचं आजारपण माझ्या थोरल्या नणंदेनं काढलं, औषधपाण्याचा खर्चही तिनेच केला, पण तिला बैठकीला साधं बोलावलंही नाही. नवऱ्याच्या वाट्याला आलेल्या जागेवर आता आम्ही घर बांधतोय. अर्धे पैसे माझे आहेत. सासूबाई म्हणतात, "मुलगा नाही तर हे घर कुणासाठी बांधताय? उद्या पुतणेच राहायला येतील." धाकट्या दिरांनी तर मुलगाच होईल अशी हमी देणाऱ्या लागोसच्या एका दवाखान्याचा पत्ताही पाठवला. नाताळात पाहुण्यांसाठी कोलाची, म्हणजे तिथे मानानं देतात त्या कोलाच्या बियांची, ताटली थोरलीनं हौसेनं उचलली, तर काकांनी ती तिच्या हातातून काढून सहा वर्षांच्या चुलतभावाकडे दिली. "माझे हात घाण होते का?" असं तिनं रात्री मला विचारलं. नवऱ्याशी बोलले तर तो म्हणतो, "तूही भावाला हक्कसोडपत्र करून दिलंस ना? मग तुमच्यात वेगळं काय आहे?" मला उत्तर सुचलं नाही. मुलींना गावाला नेणंच बंद करावं असं वाटतं. छपरासाठीचे पैसे पुढच्या महिन्यात पाठवायचे आहेत. काय करू?

उत्तर

प्रिय मुली,

मुलींना गावाला नेणं बंद करू नकोस. जिथे लेकरांचा हात रिकामा केला जातो तिथे त्यांना कशाला न्यायचं, ही तुझी तडफड मला कळते. पण तू नेणं थांबवलंस तर भावकीचं काम तूच सोपं करून देशील. "या मुली इथल्या नाहीतच, लागोसच्या आहेत, आईच्या देशाच्या आहेत" असं म्हणायला त्यांना दोन नाताळ पुरतील.

भारतातून बरेच शिक्षक नायजेरियाला जात, त्या काळात मी एनुगूला शिकवत होते. तिथे मला सगळ्यात आधी हे उमगलं की इग्बो घरातली मुलगी लग्नानंतरही माहेरची राहते. आपल्याकडे कन्यादान झालं की मुलीचं गोत्र बदलतं, कुळ बदलतं. तिथे तसं नाही. ती मरेपर्यंत वडिलांच्या कुळाची लेक असते, आणि त्या कुळातल्या सगळ्या लेकींची, लग्न झालेल्या, न झालेल्या, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, मिळून एक सभा असते. तिला उमुआडा म्हणतात. घरात मयत झाली की उमुआडा येऊन राहतात, आणि त्या आल्याशिवाय क्रियाकर्म पुरं झालं असं कुणी मानत नाही. भावाभावांत वाद पेटला आणि पुरुषांच्या बैठकीला तो मिटवता आला नाही, की या बायका अंगणात येऊन बसतात, त्यांचं खाणंपिणं त्या घरावर पडतं, आणि निकाल लागेपर्यंत त्या हलत नाहीत. गावात मोठ्या आवाजात बोलणारे पुरुष बहिणींच्या या सभेपुढे मान खाली घालून उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

तुझी थोरली ही तिच्या वडिलांची आडा आहे, म्हणजे पहिली लेक. हे स्थान तिला जन्मानं मिळालेलं आहे, कुणा काकाच्या परवानगीनं नाही. धाकटीही मोठी झाली की त्याच सभेत बसणार आहे. मात्र त्यासाठी दोघींना इग्बो अस्खलित यायला हवी. लागोसच्या शाळांमधून मुलं इंग्रजी घेऊन येतात आणि घरीही तीच बोलतात. तुझ्याकडून मराठी मिळत असेल, ती द्यायचीच, पण इग्बो त्यांच्या वडिलांनी रोज बोलायला हवी. आडाला भाषा येत नसेल तर सभेत तिला पाणी मिळेल, खुर्ची मिळेल, पण शब्द मिळणार नाही.

आता दुसरी बाजू. उमुआडांचं हे चित्र पाहून "इग्बो बाई किती ताकदवान" असं म्हणणारे लोक मला खूप भेटले आहेत, आणि मला त्यांचा राग येतो. याच सभांनी कित्येक गावांत विधवांचे केस उतरवले, त्यांना जमिनीवर बसवून ठेवलं, नवऱ्याच्या मृत्यूचा संशय त्यांच्यावर घेतला. त्यासाठी एनुगू राज्याला २००१ साली आणि अनाम्ब्राला २००५ साली कायदे करावे लागले. हे तुला घाबरवायला सांगत नाहीये. तुझ्या मुली त्या घरच्या लेकी आहेत आणि तू त्या घरची सून आहेस, आणि तिथे या दोन जागांमध्ये खूप अंतर आहे. मुलींना जे जन्मानं मिळेल ते तुला कागदानं मिळवावं लागेल.

आणि जमिनीच्या बाबतीत मात्र लेकही सुनेच्याच रांगेत उभी असते. तुझ्या नणंदेचं तेच झालं. तिचा मान कुणी काढून घेतला नाही, अंत्यविधीत ती पुढेच असणार. बैठकीत मात्र ती नव्हती. सासूबाई "पुतणे राहायला येतील" म्हणतात तो नुसता टोमणा नव्हे. न्नेवी भागात ओली-एक्पे नावाची रीतच होती: पुरुष मुलाविना गेला तर त्याची मालमत्ता भावाकडे किंवा भावाच्या मुलाकडे जायची, घरात बायको आणि मुली असल्या तरीही. या रीतीवरून एक खटला चालला, आणि एनुगूच्या अपील न्यायालयानं १९९७ साली ती मानायला स्पष्ट नकार दिला. सासूबाईंना कायदा ठाऊक नसेल, पण त्यांच्या डोळ्यांनी काय काय पाहिलं असेल ते त्या बोलून दाखवत आहेत. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांची भीती खरी आहे, उपाय तेवढा चुकीचा आहे.

मोठा निकाल लागला तो २०१४ साली. उकेजे नावाच्या कुटुंबातले वडील १९८१ साली लागोसमध्ये मृत्युपत्र न करता वारले. मुलीनं वाटा मागितला. विरोधात उभे राहिले ते घरातलेच, वडिलांची पत्नी आणि मुलगा. नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलीला वडिलांच्या मालमत्तेतून वगळणारी इग्बो रीत १९९९ च्या राज्यघटनेच्या बेचाळिसाव्या कलमाच्या विरुद्ध आहे, कारण ते कलम लिंगावरून आणि जन्माच्या परिस्थितीवरून भेदभाव करायला मनाई करतं. त्याच वर्षी ऑका इथल्या, मुलगा नसलेल्या एका विधवेला घरातून काढू पाहणाऱ्या सासरच्यांविरुद्धही याच न्यायालयानं निकाल दिला. ऑका ही तुझ्या सासरच्याच राज्याची राजधानी. म्हणजे तुझ्या मुलींच्या बाजूनं देशातलं सर्वांत वरचं न्यायालय उभं आहे, हे तुझ्या नवऱ्यालाही माहीत असायला हवं. पण १९८१ ते २०१४ हा काळही लक्षात ठेव. त्या मुलीचं तारुण्य आणि प्रौढपण त्या खटल्यात गेलं असेल. तुझ्या मुलींवर ती वेळ येऊ द्यायची नसेल तर आत्ता, नवरा धडधाकट आहे तोवर, कामं करून घ्यायची आहेत.

म्हणून छपराच्या पैशांबद्दल. गावच्या वडिलोपार्जित जागेला बहुतेक वेळा कागद नसतो. कुणाची जागा कुठून कुठपर्यंत, हे भावकीच्या स्मरणात असतं, आणि ती जागा कुळाची समजली जाते. त्या जागेवरच्या भिंती तुझ्या पैशातून उभ्या राहिल्या हे उद्या कुणाला आठवणार नाही. गावाला घर बांधणं ही इग्बो पुरुषासाठी फार मोठी गोष्ट असते. शहरात कितीही कमावलं आणि गावाला घर नसेल तर तो अजून माणसात आलेला नाही असं समजतात. म्हणून "बांधूच नकोस" असं त्याला सांगू नकोस, त्याचं मन मोडेल आणि तुझं ऐकणं थांबेल. घर लहान बांधा. तुझ्या कमाईचा मोठा हिस्सा मात्र तिकडे जाऊ देऊ नकोस. तो लागोस, एनुगू, जिथे परवडेल तिथे रीतसर कागद असलेल्या जागेत घाल, आणि खरेदीखतावर दोघांची नावं घाला. १९७८ च्या जमीन कायद्यानं राज्यातली जमीन त्या त्या राज्याच्या गव्हर्नरच्या ताब्यात दिलेली आहे, त्यामुळे खरेदीला किंवा बक्षीसपत्राला गव्हर्नरची संमती घ्यावी लागते. ही पायरी खर्च वाचवण्यासाठी पुष्कळ लोक टाळतात आणि मग त्यांच्या मागे राहिलेल्यांचे हाल होतात.

नवऱ्यानं मृत्युपत्र करायला हवं. ते करताना एक चूक हमखास होते: घरातल्याच माणसांना साक्षीदार करतात. ज्याला काही मिळणार आहे त्यानं किंवा त्याच्या जोडीदारानं साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला दिलेली देणगी बाद होऊ शकते. तू सही करू नकोस, साक्षीदार बाहेरचे दोघं असू देत. दुसरा गैरसमज बँकेच्या फॉर्मवरच्या 'नेक्स्ट ऑफ किन'चा. तिथे आपलं नाव आहे म्हणजे पैसे आपलेच, असं बायका धरून चालतात. ते नाव फक्त कळवायचं कुणाला यासाठी असतं, त्यानं वारसा ठरत नाही. खाती संयुक्त करा. आणि नाशिकच्या विवाहनोंदणीच्या प्रमाणित प्रती काढून एक तुझ्याकडे, एक वकिलाकडे, एक माहेरी ठेव. तुमचं लग्न एकपत्नी कायद्याखालचं आहे हे दाखवणारा तोच कागद आहे, आणि "मुलासाठी दुसरी करू या" असा विषय कधी निघालाच तर वकिलाला पहिल्यांदा तोच लागेल.

आता मुलाचं. तुला तिसरं मूल हवं असेल तर जरूर होऊ दे, पण मुलगा व्हावा म्हणून नको. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, हे शाळेत शिकलेलं असूनही घरात कुणी म्हणत नाही, तेव्हा तू म्हण. दिरांनी पाठवलेल्या पत्त्याला उत्तर तू द्यायचं नाहीस. "आमच्या घरात मुलं पुरी झाली आहेत" हे वाक्य उमुन्नासमोर, म्हणजे भावकीच्या पुरुषांसमोर, तुझ्या नवऱ्यानं बोलायचं आहे. सुनेनं म्हटलं तर तो उद्धटपणा ठरतो, आणि मुलगा म्हणाला तर कुरकुर करत का होईना ऐकून घेतात. आपल्याकडे गर्भलिंगनिवडीवर १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि ती का आणावी लागली हे तू त्याला सांगू शकतेस. साताऱ्यात २०११ साली 'नकुशा' नावाच्या २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली. हमी देणाऱ्या दवाखान्यांच्या वाटेवर आपण महाराष्ट्रानं काय पाहिलं ते त्याला तुझ्या तोंडून ऐकू दे.

"हीच आमची रीत" असं उमुन्नातलं कुणी म्हणालं तर नवऱ्यानं गप्प बसायचं कारण नाही. इग्बोंची रीत एक नाही. अबिया राज्यातल्या ओहाफियात वारसा आईच्या बाजूनं चालत आलेला आहे, आणि तेही इग्बोच आहेत. शिवाय आज 'परंपरा' म्हणून जे सांगतात त्यातलं बरंच ब्रिटिशांच्या काळात घट्ट झालं, कारण त्यांनी कारभार पुरुषांच्या हातात दिला, रीत काय ते पुरुषांनाच विचारलं आणि बायकांच्या सभांना जमेतच धरलं नाही. १९२९ च्या नोव्हेंबरात ओलोको गावाहून ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला तो त्याच बायकांचा. आपल्यावर कर बसणार या भीतीनं त्या हजारोंनी बाहेर पडल्या, सरकारनं नेमलेल्या मुखियांच्या दारात जाऊन बसल्या. गोळीबारात पन्नासहून जास्त बायका मेल्या, आणि नंतर सरकारला ती मुखियांची पद्धत बदलावी लागली. शिक्षणातही आग्नेय नायजेरियात आज मुली शाळेत टिकतात आणि मुलगेच व्यापार शिकायला लवकर बाहेर पडतात. ज्यांच्या शिक्षणावर आईबाप हौसेनं खर्च करतात आणि ज्यांच्या पगारावर म्हातारपणी विसंबतात, त्या मुलींना जमिनीच्या बैठकीत खुर्ची नाही. यात रीत जपण्यासारखं काही आहे असं मला तरी वाटत नाही.

कोलाबद्दल थोरलीला खरं सांग. "तू लहान आहेस म्हणून" असं सांगू नकोस, कारण ताटली ज्याच्याकडे दिली तो तिच्याहून लहान होता आणि तिला ते दिसलं आहे. कोला फोडण्याचा आणि त्यावर प्रार्थना म्हणण्याचा मान तिथे पुरुषांकडे आहे, ती पद्धत बायकांना वगळते, आणि आई-बाबांना ती पटत नाही, एवढं नऊ वर्षांच्या मुलीला समजतं. शक्यतो हे तिच्या वडिलांनी सांगावं. लागोसच्या तुमच्या घरी पाहुणे येतात तेव्हा कोलाची ताटली दोघी मुलींनी आळीपाळीनं आणावी. तुमच्या घरात कोण अडवणार आहे?

राहिला नवऱ्याचा प्रश्न, ज्यानं तुला गप्प केलं. तो बरोबर बोलला. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं उरलेल्या शंकाही दूर केल्या, आणि तरी आपल्या मुली दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सह्या करतात. माहेर तुटू नये म्हणून, भाऊबीज चालू राहावी म्हणून, आई डोळ्यांत पाणी आणते म्हणून. सातबाऱ्यावरून नाव जातं आणि त्याला प्रेम म्हणतात. तू हे त्याच्यापाशी कबूल कर. "हो, मी सही केली, आणि तुझ्या बहिणीला बैठकीबाहेर ठेवलं तेव्हा मला माझीच सही आठवली" असं म्हण. तो वाद जिंकायला बसला असेल तर त्याला जिंकू दे. मग त्याला विचार की आपल्या दोघांच्या घरात हे झालं, तर मुलींच्या बाबतीत आपण तेच करणार आहोत का. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नुसतं मन बदललं म्हणून रद्द होत नाही. फसवून किंवा दबावानं सही घेतली असेल तर वकिलाला लवकर विचारावं लागतं, त्यालाही मुदत असते. तुझ्या बाबतीत नेमकं काय झालं ते तू लिहिलेलं नाहीस, म्हणून यापुढे काही सांगत नाही.

पण त्याच्या हातात मात्र अजून सगळं आहे, आणि इथे मी थोडी कडक होते. त्याच्या वाट्याला जमीन आली ती बहिणीला वगळून आली. उद्या त्याच्या मागे पुतणे येऊन उभे राहिले तर ते त्याचीच वाटणी पुढे करतील: "काकांनी आत्याला कुठे काय दिलं होतं?" बहिणीचा वाटा नाकारलेल्या माणसाला मुलींचा वाटा मागता येत नाही. भावकीत तर नाहीच, आणि उमुआडांच्या सभेत मुळीच नाही, कारण तिथे त्याची बहीणच बसलेली असेल. त्यानं आपल्या वाट्यातला काही भाग लेखी तिच्या नावे केला, किंवा जमिनीऐवजी शहरात तिच्या नावे काही घेऊन दिलं आणि का दिलं ते उमुन्नाला सांगितलं, तर गावाला पहिल्यांदा दिसेल की या घरात लेकींना वाटा मिळतो. तुझ्या मुलींसाठी त्याहून पक्का पाया दुसरा नाही. भावकी चिडेल. एक-दोन वर्षं अबोलाही धरतील. पण सासऱ्यांची सेवा करणाऱ्या लेकीला दिलं, याला गावात कुणी उघडपणे पाप म्हणू शकणार नाही.

तिला न विचारता हे ठरवू नका. तिला जमीन नको असेल, बैठकीत बसायचं असेल. औषधांवर खर्च झालेले पैसे हवे असतील. किंवा भाऊ येऊन "चुकलं" म्हणाला तरी तिला पुरेसं वाटेल, आणि तसं झालं तरी त्यानं वाटा द्यावाच असं माझं मत आहे. तू मध्ये पडून तिच्या वतीनं भांडू नकोस, सून नणंदेच्या आडून बोलते असं व्हायला वेळ लागत नाही. फोन नवऱ्यानं करायचा, आणि सासऱ्यांचं वर्षश्राद्ध, तुमच्याकडे चर्चमध्ये जी प्रार्थना होईल ती, त्याच्या आत करायचा, कारण त्या दिवशी उमुआडा पुन्हा एकत्र येतील.

तुझी,
मावशी